नवव्या खणातली खूण

स्लेडवर्थ गावच्या पितळी वाद्यांच्या बँडची खोली सहकारी दुकानाच्या माडीवर होती. खाली चहा, लोणी, मेणबत्त्या. वर पंचवीस खुर्च्या, कागद ठेवायच्या पंचवीस लोखंडी घोड्या, एक कोळशाची शेगडी आणि सुरांच्या कागदांनी खच्चून भरलेलं कपाट. हेस्टर अ‍ॅक्रॉइड आठवड्यातून चार दुपारी तिथे बसून कागदांच्या नकला करायची. वय एकसष्ट. चाळीस वर्षं तिने गिरणीत रफूचं काम केलं होतं. लोकरीचं कापड उतरत्या टेबलावर ओढून बोटांच्या टोकांनी गाठी आणि तुटके धागे शोधायचे आणि सुईने भरून काढायचे. डोळ्यांना न दिसणारी चूक तिच्या बोटांना सापडायची. काम सुटल्यावर घरी बसून करायचं काय? लग्न केलेलं नव्हतं, आणि भिंतींशी बोलायची तिला सवय नव्हती.

बँडला तिची गरज होती ती अक्षरासाठी. जुने कागद घामाने, बिअरने आणि पावसात केलेल्या मिरवणुकांनी पार लगदा झाले होते.

"हेस्टरच्या कागदावर चूक दाखवा आणि माझा ढोल घेऊन जा," असं मोठा ढोल वाजवणारा एनॉक शॉ दर तालमीला म्हणायचा. त्याचा ढोल कुणालाच नको होता, ते सोडा.

आता हे कागदांचं प्रकरण थोडं सांगितलंच पाहिजे. सूर पाच ओळींवर लिहितात, उभ्या रेघांनी त्या ओळींचे खण पाडतात आणि ओळीच्या सुरुवातीला एक खूण काढतात, तिला क्लेफ म्हणतात. कुठली ओळ म्हणजे कुठला सूर, हे ती खूण ठरवते. खूण बदलली की तेच ठिपके भलतेच सूर होऊन बसतात. बँडमध्ये चिमुकल्या कॉर्नेटपासून मांडीवर घ्यायच्या अगडबंब बासपर्यंत सगळे एकच खूण वाचतात. उद्या एखादा आजारी पडला तर शेजारच्याने त्याचं वाद्य उचलावं, ही त्यातली सोय. अपवाद एकट्या बास ट्रॉम्बोनचा, म्हणजे सरकत्या नळीच्या, जाड आवाजाच्या वाद्याचा. त्याचा कागद वेगळ्या खुणेत असतो. माणसाच्या कानासारखी दिसते ती. असं का, हे विचारलं तर म्हातारे वादक खांदे उडवतात. एवढं खरं की बास ट्रॉम्बोनवाल्याचा कागद शेजाऱ्याला वाचता येत नाही, आणि त्याच्यावर विनोद करायला मात्र सगळ्यांना येतं.

हेस्टरचा भाऊ जेबेज बास ट्रॉम्बोन वाजवायचा. लांब हातांचा, अबोल, हट्टी माणूस. "कागदावर आहे ते वाजवायचं. कमी नाही, जास्त नाही," हे त्याचं एकच तत्त्वज्ञान होतं. तो ती कानासारखी खूण वाचायचा, बँडची नेहमीची वाचायचा, आणि मोठ्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोनला वरच्या सुरांसाठी जी तिसरी खूण वापरतात, तीही वाचायचा. १९२९ साली एका मोठ्या नाटकगृहाच्या वाद्यवृंदाला ट्रॉम्बोनवाला हवा होता. त्यांचा संगीतमास्तर स्लेडवर्थला आला. उमेदवार दोन, जेबेज आणि पहिला ट्रॉम्बोन वाजवणारा क्लिफर्ड लम. परीक्षा ठरलेली: कधी न पाहिलेला कागद समोर ठेवायचा आणि सगळ्या बँडसमोर पहिल्या फटक्यात वाजवून दाखवायचा.

जेबेजने आठ खण झकास वाजवले. नवव्या खणापासून त्याची धून खाली कोसळली. पाच पायऱ्या खाली, अर्धे सूर वाकडे, आणि तो कपाळाला आठ्या घालून, न थांबता, शेवटपर्यंत तेच वाजवत राहिला. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी खोली हसली. क्लिफर्डने त्याच्या कागदावरून तीच धून लोण्यासारखी वाजवली आणि नोकरी त्याला मिळाली. जेबेज प्यायला होता, असं गावाने ठरवून टाकलं. घरी आल्यावर तो हेस्टरला एवढंच म्हणाला, "कागदावर तेच होतं गं." आणि हेस्टर, खरं सांगायचं तर, म्हणाली होती, "पुरे कर आता, झोप जा." फेब्रुवारीत तो गिरणीच्या तलावात सापडला. ट्रॉम्बोन काठावर व्यवस्थित ठेवलेला होता.

या गोष्टीला एकोणतीस वर्षं झाली होती. क्लिफर्ड दहा वर्षं नाटकगृहात वाजवून, नाव कमावून परत आला, बँडमास्तर झाला, आणि आता निवृत्त होत होता. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चॅपेलच्या सभागृहात त्याचा निरोपसमारंभ होता. शेवटी मास्तर स्वतः बँडसोबत ट्रॉम्बोन वाजवणार होते. धून कुठली? तीच. तिच्यावरच तर त्याचं नाव झालं होतं.

"मोठ्या अक्षरात लिही गं, हेस्टर," क्लिफर्ड म्हणाला होता. "पाठ आहे म्हणा मला, झोपेतही वाजवीन. पण समोर कागद नसला की हात मोकळे पडल्यासारखे वाटतात."

हेस्टरने त्याचा कागद एका मंगळवारी लिहिला. बँडची नेहमीची खूण, ठसठशीत ठिपके, बत्तीस खण. शाई वाळवली, कागद टेबलावर ठेवला, कुलूप लावून घरी गेली.

बुधवारी नवव्या खणाच्या तोंडाशी एक खूण जास्त होती. बास ट्रॉम्बोनची, कानासारखी.

आपणच काढली असणार, असं तिने स्वतःला बजावलं. एकामागून एक कागद लिहिले की हात आपल्या मर्जीने चालतो. तिने नवा कागद घेतला, एकेक खण मोजत पुन्हा लिहिलं आणि नववा खण दोनदा तपासला. जाताना तिला दिसलं की कोपऱ्यातल्या बास ट्रॉम्बोनच्या खुर्चीसमोर फळीवर पाणी सांडलंय. चहाच्या बशीएवढं. ट्रॉम्बोनवाले वाजवताना नळीतलं पाणी पायाशी सोडतात, त्याचं असं थारोळं होतं. पण तालीम शनिवारी झाली होती. तिने फडक्याने पुसलं. पाणी कोमट होतं.

गुरुवारी खूण परत आली होती. पाणीही.

हेस्टर भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. तिने खाली जाऊन दुकानाच्या मिसेस डायसनला विचारलं, वर कोण आलं होतं? "कोण येणार बाई? किल्ली तुझ्याकडे, दुसरी मास्तरांकडे. वाजवण्याचा आवाजही नाही आला," मिसेस डायसन म्हणाली. मग लोणी कापता कापता थांबली. "गुलाबाचा वास मात्र येतोय जिन्यात. तू काही लावतेस का गं हल्ली?"

हेस्टर काही लावत नव्हती. ट्रॉम्बोनची सरकती नळी सुळसुळीत राहावी म्हणून जुने वादक तिला बायकांचं कोल्ड क्रीम चोळायचे. जेबेज गुलाबाचं वापरायचा, आणि त्यावरूनही लोक त्याला हसायचे.

तिसरा कागद तिने शुक्रवारी भर दुपारी लिहिला. शाई ओली असतानाच शेगडीवर किटली ठेवायला उठली. चार पावलं गेली, चार पावलं परत आली. नवव्या खणात खूण होती. या वेळी तिने ती नीट पाहिली. सुरुवातीचा ठिपका गलेलठ्ठ, वरचं वळण घाईचं आणि शेपटी जरा जास्त लांबवलेली. असं वळण तिने एकाच माणसाच्या हातात पाहिलं होतं. तिला, का कोण जाणे, राग आला. आपल्याला काहीतरी दाखवलं जातंय आणि आपण ठोंब्यासारखे नव्या नकला करत बसलोय!

ती कपाटाकडे गेली. सगळ्यात खालच्या फळीवर एक पत्र्याची पेटी होती. बँड काहीही फेकून देत नसे. तिच्या तळाशी १९२९ च्या परीक्षेचे दोन्ही कागद होते. जेबेजच्या कागदावर सुरुवातीला कानाची खूण, मग ठिपके, आणि नवव्या खणाच्या तोंडाशी काहीच नाही. कोरी जागा. जरा जास्तच कोरी.

तिने डोळे मिटले आणि गिरणीत फिरवायची तशी बोटं कागदावर फिरवली.

आठव्या खणापर्यंत कागद गुळगुळीत होता. नवव्याच्या तोंडाशी तो उसवल्यासारखा होता, नखाएवढ्या जागेत तंतू उभे. तिने कागद खिडकीशी धरला. उजेड तिथून जास्त येत होता. पात्याने खरवडलं होतं. तिथे तिसरी खूण होती, वरच्या सुरांची. ती खरवडून काढली की पुढचं सगळं पाच पायऱ्या खाली जातं. जेबेजने वाजवलं ते अक्षरशः कागदावर होतं तेच.

परीक्षेचे कागद आदल्या रात्री याच कपाटात ठेवले होते, आणि त्या वर्षी बँडचे कागद कुणाच्या ताब्यात असायचे, हे पेटीच्या झाकणावरच लिहिलं होतं. सी. लम.

हेस्टर बराच वेळ खुर्चीत बसून राहिली. किटली आटून गेली. तिला रडू आलं नाही. "पुरे कर आता, झोप जा," हे शब्द मात्र कुणी कानाशी ओरडावेत तसे पुन्हा पुन्हा ऐकू येत होते.

शनिवारच्या तालमीला क्लिफर्ड सगळ्यांच्या आधी आला. गुलाबी गाल, बटनाला लावलेलं फूल, सगळ्या गावाचा लाडका. हेस्टरने तो जुना कागद त्याच्यासमोर धरला आणि खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं.

क्लिफर्डने चष्मा लावला, काढला. जिन्याकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं.

"एकोणतीस वर्षं झाली, हेस्टर."

"मी वर्षं नाही विचारली."

"माझी आई आजारी होती तेव्हा. मला ती नोकरी हवी होती." मग त्याला जरा जोर आला. "आणि हे बघ, कान असलेला माणूस असता तर थांबला असता. दहाव्या खणातच कळलं असतं की इथे काहीतरी चुकलंय. मेंढरासारखा शेवटपर्यंत वाजवत गेला! त्यात माझा काय दोष?"

"उद्या हे सांगशील? व्यासपीठावर?"

"वेड लागलंय का तुला?" तो हसला आणि त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. "घरी जा, चहा पी. कोण ऐकणार तुझं? आणि कुणासाठी? तो काय परत येणार आहे?"

जिन्यावर एनॉकचे जड पाय वाजले. क्लिफर्डने कागद तिच्या हातातून काढून घेतला, चार घड्या केल्या आणि शेगडीत टाकला. कोपऱ्यातल्या खुर्चीसमोरच्या ओल्या फळीवर पाय देऊन तो आपल्या जागी गेला. बूट घसरला तेव्हा एकदा खाली पाहिलं, बस्स.

अंगाची आग व्हावी अशी चीड हेस्टरला आयुष्यात पहिल्यांदा आली. गावासमोर ओरडून सांगावं, तर पुरावा राखेत गेला होता. सांगणार तरी कोण, म्हातारी रफूवाली आणि दारुड्याची बहीण!

रविवारी सभा दोनला होती. ती एकला माडीवर गेली. क्लिफर्डसाठी लिहिलेला कागद टेबलावर होता आणि खूण नवव्या खणात होती, काळीभोर. वेळ होता. नवा कागद होता, शाई होती. तासाभरात तिने शुद्ध नक्कल करून दिली असती.

तिने टाक उचलला आणि शेवटच्या उभ्या रेघेच्या अलीकडे दोन ठिपके काढले, एकाखाली एक. पुन्हा पहिल्यापासून, असा त्या ठिपक्यांचा अर्थ होतो. टीपकागदाने शाई टिपली आणि कागद काखेत घेऊन ती चॅपेलकडे निघाली. जिन्यात गुलाबाचा वास इतका दाटला होता की तिने तोंडाला रुमाल लावला.

सभागृह भरलं होतं. भाषणं झाली, घड्याळ भेट दिलं गेलं, पाद्रीबुवांनी एक जुना विनोद सांगितला. मग क्लिफर्डने ट्रॉम्बोन उचलला. हेस्टरने कागद स्वतः त्याच्या घोडीवर ठेवला होता आणि ती पहिल्या रांगेत कडेला बसली होती. शेजारी क्लिफर्डची दुसरी बायको कॉनी, नव्या टोपीत, आनंदाने लाल झालेली.

आठ खण झकास झाले. बायकांनी रुमाल काढले.

नववा खण आला आणि धून खाली कोसळली.

क्लिफर्डला ती धून पाठ होती. तो कागदाकडे पाहतही नव्हता. तरी त्याचा उजवा हात नळी लांबवत गेला, भलत्या जागी थांबला, पुन्हा लांबला. डोळे मोठे झाले. तो हात मागे ओढायला बघत होता, हे हेस्टरला दिसत होतं. खांदा मागे जायचा आणि मनगट पुढे.

बँड आपली बरोबर धून वाजवत होता. खाली ती दुसरी सरपटत होती, पाच पायऱ्या खाली, अर्धे सूर वाकडे. हेस्टरला तिचा सूर न् सूर ओळखू आला; जेबेजच्या कागदावरचीच ती.

कुणीतरी फिसकन हसलं.

मग पुष्कळ लोक हसले. मास्तरांनी गंमत केली असणार!

क्लिफर्ड गंमत करत नव्हता. बत्तिसावा खण संपला, बँड थांबला, टाळ्या सुरू झाल्या.

तो पहिल्या खणाकडे गेला.

टाळ्या अडखळल्या. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. ओठांशी धरलेल्या वाद्याच्या वाटीच्या कडेने रक्ताचा एक ओघळ हनुवटीवर आला. एनॉकने ढोलाची काठी ठेवली आणि जवळ जाऊन हळूच म्हणाला, "पुरे, मास्तर. झालं ना." मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. एनॉक दोन पावलं मागे सरला.

शेवटी त्याला दोघांनी दंडाला धरून उतारावरून घरी नेलं. तो वाजवतच चालत होता.

बुधवारी दुपारी कॉनी लम हेस्टरच्या दारात उभी राहिली. डोक्यावर टोपी नव्हती, एप्रनची गाठ सुटलेली. हिवाळ्यात हेस्टर तापाने पडली होती तेव्हा याच कॉनीने आठ दिवस सूप आणून दिलं होतं. १९२९ साली ती दूर हॅलिफॅक्सला शाळेत जात होती. तिच्या हातात तो कागद होता.

"हेस्टर, दोनदा शेगडीत घातला गं मी हा. सकाळी पुन्हा घोडीवर असतो."

"बस."

"बसायला नाही आले. एनॉक म्हणाला, हे शेवटचे दोन ठिपके असले की पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं असतं. आणि ते तुझ्या हातचे आहेत." तिने कागद पुढे केला. "का काढलेस, विचारत नाही. रात्री त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, त्यावरून काय ते समजले मी. काहीतरी केलं असणार त्यांनी. पण आता खोड ना ते. तुझ्याकडे पातं असेल."

हेस्टरने कागद घेतला. शिवणाच्या डब्यात पातं होतंच, गिरणीतलं, धारदार. तिने ते बाहेर काढलं. बोट ठिपक्यांवर फिरवलं. शाई अजून किंचित ओलसर लागली. कॉनीचे सुजलेले डोळे तिला दिसत होते. दोनदा खरवडलं की संपलं असतं सगळं.

"डॉक्टर येऊन गेले ना?" तिने विचारलं.

"आज आले." कॉनी दाराची चौकट धरून उभी होती. "नाडी पाहिली. मग दुसऱ्या हाताची पाहिली. छातीला कान लावून बसले कितीतरी वेळ. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, मिसेस लम, हे रविवारीच गेलेत." तिने एप्रनने तोंड पुसलं. "मी विचारलं, मग आत वाजवतंय कोण? तर ते बॅग विसरून निघून गेले. शवपेटीवाला उद्या येतोय, हेस्टर. मी त्याला काय सांगू?"

हेस्टरने पातं पुसलं आणि डब्यात ठेवून झाकण लावलं. कागदाची घडी न करता तो कॉनीच्या हातात परत दिला.

"आमच्या घरात कागद खरवडत नाहीत, कॉनी," ती म्हणाली आणि तिला दार उघडून दिलं.

उताराच्या खालून ट्रॉम्बोन ऐकू येत होता. आठवा खण संपत आला होता.